‘ऱ्हायनोसेरॉस’, ‘खड्ग’ आणि ‘गेंडा’: प्राण्याच्या नावाची व्युत्पत्ती स्वतः कशी तपासावी

‘ऱ्हायनोसेरॉस म्हणजे नाकावर शिंग असलेला’ हे उत्तर कोणत्याही इंग्रजी शब्दकोशात एका ओळीत मिळते आणि ते बरोबरही आहे. पण त्याच प्राण्याला संस्कृतात ‘खड्ग’ का म्हणत, आणि मराठीत तो ‘गेंडा’ कसा झाला, हे विचारले की काम वाढते. या तीन नावांपैकी पहिल्याची फोड पक्की आहे, दुसऱ्याची वरवर सोपी पण फसवी आहे आणि तिसऱ्याची अर्धीच हाती लागते. व्युत्पत्ती तपासायला शिकायचे तर एकाच जनावराची ही तीन नावे उत्तम.

सुरुवातीलाच एक सवय सोडा. अर्थ जुळतो म्हणून दोन शब्द नात्यातले, असे समजू नका. अर्थ कशाचाही कशाशी जुळवता येतो. नाते ठरते ते दोन गोष्टींवर: शब्द लेखी केव्हापासून सापडतो, आणि त्यातले ध्वनी त्या भाषेच्या नेहमीच्या वाटेने बदलले आहेत की नाहीत.

आधी काय जवळ हवे

वहीत पाच रकाने आखा: रूप, भाषा, सर्वांत जुना उल्लेख, त्या ठिकाणचा अर्थ, शेरा. तिसरा रकाना रिकामा राहिला तर पुढचे तर्क करूच नका.

कोश बहुतेक सगळे फुकट पाहता येतात. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश आणि टर्नरचा भारतीय-आर्य भाषांचा तौलनिक कोश शिकागो विद्यापीठाच्या दक्षिण आशियाई डिजिटल ग्रंथालयात आहेत. मोनियर-विल्यम्सचा संस्कृत कोश कलोन विद्यापीठाच्या संकेतस्थळावर आहे. ग्रीकसाठी लिडेल-स्कॉट आणि लॅटिनसाठी लुईस-शॉर्ट हे दोन्ही ‘पर्सियस’ या संकेतस्थळावर मिळतात. मराठीसाठी दाते-कर्वे यांचा ‘महाराष्ट्र शब्दकोश’ आणि कृ. पां. कुलकर्णी यांचा १९४६चा ‘मराठी व्युत्पत्तिकोश’ हाताशी असावा.

शोधताना दोन ठिकाणी हमखास अडते. मोनियर-विल्यम्समध्ये रोमन लिपीत साधे ‘खड्ग’ टाइप केले तर ड दंत्य धरला जातो आणि शब्द सापडत नाही. संस्कृत रोमन लिपीत लिहिण्याची हार्वर्ड-क्योटो पद्धत निवडली असेल तर मूर्धन्य ड आणि ण साठी कॅपिटल डी आणि कॅपिटल एन द्यावे लागतात. टर्नरमध्ये अडचण निराळी आहे. तिथली शीर्षके संस्कृत रूपांची आहेत, त्यामुळे मराठी ‘गेंडा’ शीर्षकांत शोधून मिळणार नाही, पूर्ण मजकुरात शोधावा लागतो. ‘गंड’ हे शीर्षक तिथे एकाहून अधिक वेळा येते (गाल, गाठ वगैरे अर्थांनी), तेव्हा गेंड्याच्या अर्थाची नोंद नेमकी निवडा. एखाद्या रूपाआधी तारा (*) छापलेला असेल तर ते रूप कुठल्याही ग्रंथात सापडलेले नाही, अभ्यासकांनी अनुमानाने उभे केलेले आहे. तारा उतरवून घ्यायला विसरलात की अनुमानाचा पुरावा होतो. मराठी लेखांत ही चूक वारंवार दिसते.

ग्रीक शब्द फोडणे: प्रथमेवर जाऊ नका

ग्रीकमध्ये नाकाला ‘ऱ्हिस’ म्हणतात. या रूपावरून ‘ऱ्हायनो’ निघत नाही, कारण त्यात ‘न’च नाही. षष्ठी पाहिली की कोडे सुटते: ‘ऱ्हिनोस’, म्हणजे नाकाचा. मूळ अंग, म्हणजे प्रत्यय लागण्याआधीचे रूप, ‘ऱ्हिन्-’ आहे, प्रथमेत त्यातला न गळतो. ग्रीक-लॅटिन शब्द फोडायचा तर कोशात प्रथमेशेजारी दिलेले षष्ठीचे रूप आधी वाचावे. संस्कृतात ‘राजा’ पाहून भागत नाही, ‘राजन्’ पाहावे लागते, तसेच.

दुसरा घटक ‘केरास’, म्हणजे शिंग. समासाच्या शेवटी तो ‘-केरोस’ असा येतो आणि त्यातला ओ दीर्घ असतो. ‘मोनोकेरोस’ म्हणजे एकशिंगी, ‘ऱ्हिनोकेरोस’ म्हणजे नाकावर शिंग असलेला. हा बहुव्रीही आहे. ‘नाकाचे शिंग’ असा तत्पुरुष केला तर शब्द शिंगाचे नाव होईल, प्राण्याचे नाही.

शब्दाच्या पोटात आणखी एक अक्षर लपले आहे. ग्रीक-लॅटिन षष्ठीत अंग ‘ऱ्हिनोकेरोत्-’ असे होते, म्हणून लॅटिन अनेकवचन ‘ऱ्हिनोकेरोटेस’. प्राणिशास्त्रात या कुळाचे नाव ‘ऱ्हायनोसेरोटिडी’ आहे, त्यातला ट इथूनच आला. इंग्रजीत कोणी ऐटीत ‘ऱ्हायनोसेराय’ असे अनेकवचन करतात, ते ‘-अस’ने संपणाऱ्या लॅटिन शब्दांच्या नकलेवर बेतलेले आहे आणि व्याकरणात बसत नाही.

उच्चाराचाही माग काढता येतो. ग्रीकमध्ये शब्दारंभीचा र महाप्राण होता, रोमनांनी तो दाखवायला र नंतर ह लिहिला. इंग्रजीत ह चा उच्चार गेला, स्पेलिंग राहिले. लॅटिनमध्ये मधला ध्वनी ‘क’च होता. पुढे इ-एच्या आधीचा हा क फ्रेंचमध्ये स झाला आणि इंग्रजीने १३००च्या सुमारास शब्द घेतला तो असा बदललेला. म्हणून आपण ‘सेरॉस’ म्हणतो. एकोणिसाव्या शतकात शास्त्रज्ञांनी त्याच ‘केरास’वरून नवा शब्द केला तेव्हा क टिकवला: ‘केराटिन’. नखे, केस आणि गेंड्याचे शिंग याच केराटिनचे. गाईच्या शिंगाच्या आत हाड असते, गेंड्याच्या शिंगात नसते.

जुना उल्लेख शोधणे

ग्रीकांनी हा प्राणी कुठे पाहिला? अलेक्झांड्रियात इजिप्तचा राजा दुसरा टॉलेमी याने, म्हणजे इ. स. पू. तिसऱ्या शतकात, काढलेल्या भव्य मिरवणुकीच्या वर्णनात इथिओपियातला एक ऱ्हिनोकेरोस आहे. रोमनांना तो सेनापती पाँपेने इ. स. पू. ५५ मध्ये भरवलेल्या खेळांत दिसला. रोमन लेखक प्लिनी त्याचे वर्णन नाकावर एकच शिंग असलेला असे करतो. पहिल्या शतकाच्या अखेरीस रोमन सम्राट डोमिशियनच्या छोट्या तांब्याच्या नाण्यावर मात्र दोन शिंगांचा, म्हणजे आफ्रिकी, गेंडा आहे. वहीत ‘त्या ठिकाणचा अर्थ’ हा रकाना ठेवला तो यासाठी: शब्द एकच असला तरी समोरचा प्राणी दर वेळी तोच नव्हता.

घोटाळ्यात भर बायबलच्या भाषांतरांनी घातली. हिब्रूतल्या ‘रेएम’ या रानटी जनावराला ग्रीक भाषांतरात ‘मोनोकेरोस’ म्हटले, तर लॅटिनमध्ये त्याचे कुठे ‘ऱ्हिनोकेरोस’ झाले, कुठे ‘युनिकॉर्निस’. मध्ययुगीन युरोपात गेंडा आणि काल्पनिक एकशिंगी घोडा यांची सरमिसळ झाली त्याची एक मुळी इथे आहे.

दिसत नाही ते नाते: केरास आणि शिंग

आता ध्वनींची परीक्षा. जिथे संस्कृतात तालव्य ‘श’ दिसतो, तिथे ग्रीक व लॅटिनमध्ये अनेकदा ‘क’ आणि इंग्रजीत ‘ह’ सापडतो. शंभरासाठी शत, हेकाटोन, केंटुम, हंड्रेड. कुत्र्यासाठी श्वन्, क्युओन, कानिस, हाउंड. हीच पट्टी शिंगाला लावा: शृंग, केरास, कोर्नू, हॉर्न. चारही एकाच इंडो-युरोपीय (या चारही भाषा ज्या कुळातल्या, त्या कुळातल्या) धातूचे, ‘शिरस्’सुद्धा त्यांच्यातलेच. शृंगाचे प्राकृतात ‘सिंग’ आणि मराठीत ‘शिंग’ झाले, कारण मराठीत इ-एच्या आधीचा स बहुधा श होतो.

म्हणजे ऱ्हायनोसेरॉसच्या उत्तरार्धात आपले शिंगच आहे. कानाला या दोन शब्दांत काही साम्य वाटत नाही, आणि तरीही नाते निर्विवाद आहे. पूर्वार्धातल्या ‘ऱ्हिस’चे असे घराणे सापडत नाही, तिथे ‘मूळ अनिश्चित’ असे लिहून पुढे जा.

खड्ग: अर्थाच्या सापळ्यात न अडकणे

सर्वसामान्य स्पष्टीकरण असे की, गेंड्याचे शिंग तलवारीसारखे, म्हणून त्याला खड्ग म्हणू लागले. ऐकायला चोख वाटते. आता वहीचा तिसरा रकाना भरा.

यजुर्वेदाच्या वाजसनेयी संहितेत (२४.४०), अश्वमेधातल्या प्राण्यांच्या यादीत, ‘खड्गो वैश्वदेवः’ असे येते. हा प्राणीच आहे. मोनियर-विल्यम्समध्ये ‘तलवार’ या अर्थाचे दाखले महाभारतापासून पुढचे. म्हणजे लेखी पुराव्यात गेंडा आधी, तलवार मागाहून. तलवारीवरून गेंड्याला नाव पडले म्हणायचे तर तो अर्थ वैदिक काळातही होता हे दाखवावे लागेल, आणि तसा दाखला नाही. दोन्ही खड्ग मुळात वेगळे शब्द असून योगायोगाने एकरूप झाले असणेही शक्य आहे. शेऱ्यात लिहा: ‘तलवारीवरून गेंडा ही व्युत्पत्ती कालक्रमाला धरून नाही.’ त्यापुढे जाऊन ‘गेंड्यावरून तलवार’ असे मात्र ठोकून देऊ नका, त्यालाही पुरावा हवा.

लोकांना ही जोडी फार पूर्वीपासून आवडत होती, हे खरे. अमरकोशात ‘गण्डके खड्गखड्गिनौ’ असा पाठ आहे. ‘खड्गिन्’ म्हणजे खड्ग धारण करणारा. इथे प्राण्याचे शिंग म्हणजेच खड्ग, ही समजूत शब्दातच बसली आहे. गुप्त सम्राट पहिल्या कुमारगुप्ताच्या, पाचव्या शतकातल्या, एका सोन्याच्या नाण्यावर राजा घोड्यावरून गेंड्यावर तलवार उगारतो आहे आणि लेखात त्याला ‘खड्गत्राता’ म्हटले आहे. तलवारीने रक्षण करणारा की गेंड्यापासून वाचवणारा? टांकसाळीतल्या कवीला दोन्ही हवे होते. पण श्लेष हा व्युत्पत्तीचा पुरावा नव्हे. श्लेष करणाऱ्याला दोन शब्द सारखे ऐकू आले, एवढेच त्यातून कळते.

पालीत खड्गाचा ‘खग्ग’ झाला. सुत्तनिपात या बौद्ध ग्रंथातले ‘एको चरे खग्गविसाणकप्पो’ हे पालुपद प्रसिद्ध आहे. त्याचा अर्थ ‘गेंड्यासारखा एकटा राहा’ की ‘गेंड्याच्या शिंगासारखा एकटा राहा’, यावर अभ्यासकांत वाद आहे. विसाण म्हणजे शिंग. ‘खग्गविसाण’ हा बहुव्रीही मानला तर प्राणी, तत्पुरुष मानला तर नुसते शिंग. ‘ऱ्हिनोकेरोस’च्या वेळी केलेली समासाची तपासणी इथे पुन्हा उपयोगी पडते, फक्त इथे निकाल तितका सरळ लागत नाही. भारतीय गेंड्याला शिंग एकच आणि तो प्राणीही बहुधा एकटा फिरणारा, त्यामुळे दोन्ही अर्थ लागतात.

तेलुगूत या प्राण्याला ‘खड्गमृगम्’ म्हणतात. ‘मृग’ म्हणजे हरीण असे धरून ‘तलवारीचे हरीण’ असा अर्थ काढू नका. मृग म्हणजे मुळात कोणताही रानटी पशू. मृगया आणि मृगेंद्र या शब्दांत तो अर्थ अजून आहे.

वर्णन प्राण्यावर पडताळणे

मनुस्मृतीत (५.१८) खाण्यास योग्य अशा पंचनख, म्हणजे पाच नखांच्या, प्राण्यांत साळिंदर, घोरपड, कासव, ससा यांच्या बरोबरीने खड्ग आहे. गेंड्याच्या मात्र प्रत्येक पायाला तीनच खूर असतात. मग खड्ग म्हणजे गेंडा नव्हे का? एवढ्या घाईने निष्कर्ष काढू नये. सशाच्या मागच्या पायांना तरी कुठे पाच नखे असतात? धर्मशास्त्रातले वर्ग प्राणिशास्त्राने मोजून केलेले नाहीत. याउलट, पाहून लिहिणाऱ्याची साक्ष जास्त वजनाची. १०३०च्या सुमारास अल-बिरुनी या विद्वानाने भारतातल्या ‘गंडा’चे वर्णन केले: म्हशीच्या अंगाचा, काळ्या खवल्यांच्या कातडीचा, हनुवटीखाली कातडीची पोळी लोंबणारा आणि प्रत्येक पायाला तीन खूर असलेला. हे नाव आणि हा प्राणी यांची गाठ तिथे पक्की बसते.

महाराष्ट्रापुरता एक दाखला शब्दांचा नव्हे, धातूचा आहे. प्रवरेकाठच्या दायमाबादला १९७४ मध्ये जुन्या काशाच्या मूर्ती मिळाल्या, त्यांत रथ, हत्ती आणि रेड्याबरोबर गेंडाही आहे. ती घडवणारे लोक त्याला काय म्हणत, हे मात्र मूर्तीवरून कळणार नाही. वस्तू सापडली म्हणून शब्दाचा काळ मागे नेता येत नाही.

गेंडा: ‘ए’ कुठून आला?

सोपे उत्तर: संस्कृत गंड किंवा गंडक, त्यावरून गेंडा. ध्वनींची परीक्षा लावा. संस्कृत ‘-अण्ड-’चे मराठीत काय होते? दण्डचा दांडा, खण्डची खांड. म्हणजे अ लांबून आ होतो, ए होत नाही. मग गेंड्यातला ए या वाटेने आलेला नाही.

टर्नरने म्हणूनच दोन गट केले आहेत. पालीतले ‘गंडक’, प्राकृतातले ‘गंडय’, असमिया ‘गँड़’ आणि ओडिया ‘गंडा’ हे पहिल्या गटात. पंजाबी ‘गैंडा’, हिंदी ‘गैंड़ा’, गुजराती ‘गेंडो’, सिंधी ‘गेंडो’ आणि मराठी ‘गेंडा’ हे दुसऱ्यात. दुसऱ्या गटासाठी त्याने ‘*गयंड’ असे तारांकित रूप मानले आहे. अ-य-अ एकत्र आले की ऐ किंवा ए होणे स्वाभाविक, त्यामुळे हा हिशेब जमतो. खड्ग आणि गंड हे दोन्ही शब्द एकाच अनार्य मुळातून आले असावेत, असेही त्याचे मत आहे. ‘असावेत’ हा शब्द उतरवताना गाळू नका.

‘गंड’चा दुसरा अर्थ गाल किंवा गाठ. गेंड्याच्या कातडीवर गाठी दिसतात म्हणून गंड, असे कोणी सांगेल. गंडकी नदीचे नाव गंडकावरून, असेही सांगितले जाते, आणि नेपाळात चितवनला तिच्या काठी गेंडे आहेतही. दोन्ही कल्पना ऐकून घ्या, वहीत शेऱ्यात टिपा, पण तारखेचा किंवा ध्वनीचा आधार मिळेपर्यंत निष्कर्षात घेऊ नका.

शब्द प्रवास करतो तेव्हा

उसना शब्द तपासताना कोणी, कोणाकडून, कोणत्या वाटेने घेतला हे नोंदवा. गेंड्याच्या बाबतीत ही वाट गोव्यातून जाते. गुजरातच्या दुसऱ्या मुजफ्फरशहाने गोव्याचा पोर्तुगीज गव्हर्नर आल्बुकर्क याला एक जिवंत गेंडा भेट दिला. आल्बुकर्कने तो गोव्याहून जानेवारी १५१५ मध्ये जहाजाने पाठवला, २० मे रोजी तो लिस्बनला उतरला. पोर्तुगीज त्याला ‘गंडा’ म्हणत. त्याच वर्षी जर्मन चित्रकार ड्यूररने स्वतः प्राणी न पाहता, लिस्बनहून आलेल्या वर्णनावरून आणि रेखाटनावरून, आपले प्रसिद्ध काष्ठचित्र कोरले आणि मान जिथे पाठीला मिळते तिथे एक जादा छोटे शिंग बसवले. चित्रावर नाव मात्र ग्रीक घराण्यातलेच, ‘ऱ्हिनोसेरुस’. प्राणी गुजरातचा, नाव अलेक्झांड्रियाचे. पुढे पोर्तुगीजांनी मलायमधल्या ‘बादाक’वरून ‘आबादा’ हा आणखी एक शब्द उचलला.

काही भाषांनी शब्द उसना न घेता त्याचा अर्थ उचलला. जर्मन ‘नासहोर्न’, डच ‘न्यूसहोर्न’, रशियन ‘नोसोरोग’ या सगळ्यांत नाक आणि शिंगच आहे. अशा रूपांना ‘उसने शब्द’ म्हणून टिपू नका, ‘घटकांचे भाषांतर’ असा शेरा लिहा.

‘पांढरा गेंडा’ या नावाची एक लाडकी कथा आहे: डच-आफ्रिकान्समधला ‘वायड’, म्हणजे रुंद (रुंद ओठांमुळे), इंग्रजांनी ‘व्हाइट’ ऐकला. जुनी कागदपत्रे चाळणाऱ्यांना गेंड्यासाठी ‘वायड’ असा वापर कुठेही मिळाला नाही. जुन्या उल्लेखांत थेट ‘पांढरा’ आहे. दोन्ही आफ्रिकी गेंडे राखाडीच, मग एकालाच पांढरा का म्हटले हे गूढ राहतेच, पण म्हणून कथा खरी ठरत नाही.

सरावासाठी शास्त्रीय नावे

भारतीय गेंडा: ऱ्हायनोसेरॉस युनिकॉर्निस (नाव देणारा लिनियस, १७५८). पहिले पद ग्रीक, दुसरे लॅटिन, एक शिंगाचा. काळा गेंडा: डायसेरॉस बायकॉर्निस, म्हणजे ग्रीकमध्ये दोन शिंगांचा आणि पुन्हा लॅटिनमध्ये दोन शिंगांचा. सह्याद्रीतला महाधनेश ब्यूसेरॉस बायकॉर्निस, ब्यूसेरॉस म्हणजे बैलाच्या शिंगांचा. पांढरा गेंडा सेरॅटोथेरियम सिमम, शिंगाचा पशू, बसक्या नाकाचा.

कोकणातल्या माडांवर दोन किडी येतात, त्या इथे उपयोगी पडतात. गेंड्या भुंगा हा ऑरिक्टस ऱ्हायनोसेरॉस. ऑरिक्टस म्हणजे खणणारा, तो माडाच्या सुईत, म्हणजे न उलगडलेल्या कोवळ्या पानात, भोक पाडून आत शिरतो. सोंड्या भुंगा हा ऱ्हिंकोफोरस फेरुजिनियस. दोघांची नावे ‘ऱ्ह’ने सुरू होणाऱ्या पदांची म्हणून नाक दोन्हींत शोधू नका. ‘ऱ्हिंकोस’ म्हणजे चोच किंवा सोंड, ‘ऱ्हिस’चा त्यात भाग नाही. गेंड्या भुंग्याचे शिंगही डोक्यावर असते, नाकावर नाही. नाव साम्यावरून पडले.

नोंद लिहिताना

प्रत्येक विधानापुढे खात्रीची पायरी द्या: निश्चित, संभाव्य, अनिश्चित किंवा त्याज्य. नमुना असा:

गेंडा, पुं., अ. व. गेंडे, सामान्यरूप गेंड्या-. गुजराती गेंडो, हिंदी गैंड़ा यांच्याशी संबंध निश्चित. *गयंड हे मूळ संभाव्य. संस्कृत गण्डशी दूरचा संबंध संभाव्य, थेट उत्पत्ती त्याज्य. खड्गशी समान मूळ अनिश्चित.

लाक्षणिक अर्थ वेगळ्या ओळीत लिहा, कारण त्यांचे वय निराळे असते. मराठीला गेंड्याची कातडी दिसली: निंदा अंगाला लावून न घेणारा माणूस ‘गेंड्याच्या कातडीचा’. रोमन कवी मार्शलला नाक दिसले: त्याच्या लॅटिनमध्ये पोरांनाही ‘गेंड्याचे नाक’ असते, म्हणजे तीही नाक मुरडतात.

शेवटी टंकलेखन. ‘ऱ्हायनो’ लिहिताना साधा र, हलन्त आणि ह टाइप केले तर रफार येतो आणि ‘र्हायनो’ असे दिसते. त्यासाठी ऱ हे वेगळे अक्षर लागते: ऱ, हलन्त, ह. संगणकाला ही दोन रूपे वेगळी वाटतात, म्हणून मराठी मजकुरात शोध घेताना ऱ्हायनो, र्हायनो, रायनो आणि राइनो असे चारही शोधा.